हरिपूरचं पेव आणि बासष्टावं कलम

व्यापारी कायदा हा विषय कुणी हौसेनं घेत नाही. बी.कॉम.ला तो सक्तीचा असतो, म्हणून मुलं येऊन बसतात, जांभया देतात आणि मार्चमध्ये घोकंपट्टी करून सुटतात. मी हा विषय एकतीस वर्षं शिकवला. एवढ्या वर्षांत माझी ख्याती दोनच गोष्टींसाठी झाली. माझ्या तासाला झोपलेल्याला मी कधी उठवलं नाही, ही एक. आणि दुसरी म्हणजे मालविक्रीचा कायदा मी दरवर्षी शेवटच्या पानापासून शिकवायला घेत असे.

या कायद्यात सहासष्ट कलमं आहेत. सगळे प्राध्यापक पहिल्यापासून सुरू करतात आणि वर्ष संपेपर्यंत पन्नाशीच्या आसपास पोचतात. मी मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावर बासष्टावं कलम लिहायचो. साताऱ्याच्या माझ्या पहिल्या वर्गात पाटणकडचा एक विद्यार्थी होता, लढाईवरून परत आलेला, माझ्याहून वयानं मोठा. पलटणीत नकाशे वाचलेला माणूस, त्याला उलटसुलट चालत नसे. तो उभा राहून म्हणाला, "आवं सर, पुस्तक मागनं धरलंया जणू." वर्ग हसला, मीही हसलो आणि म्हणालो, सवय आहे. पुढं प्राचार्यांनी विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं. बायकोनं विचारलं, तिलाही.

आता दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून मागितल्या आहेत. मजेदार आठवणी चार-दोन आहेत, पण त्या लिहायला बसलो की हीच आडवी येते. ज्यांची भीड होती ती माणसंही आता राहिली नाहीत. तेव्हा ती सवय कशी लागली ते सांगून टाकतो.

आम्ही सांगलीचे. वडील लवकर गेले, तात्यामामांनी मला वाढवलं. मामा हळदीचे व्यापारी. सांगलीची हळद तेव्हा गोदामात ठेवत नसत, पेवात ठेवत. गावाबाहेर हरिपूरला जमीन अशी आहे की दोन-तीन पुरुष खोल खड्डा घेतला तरी भिंती ढासळत नाहीत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र मोठं. आत गवत-पाल्याचं अस्तर द्यायचं, हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपायची. आत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, एवढं पथ्य. आतली हवा वाईट असते. दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर थांबायचं, तेवत राहिला तर उतरायचं.

हे मला लहानपणी इमामचाचांनी दाखवलं होतं. इमामचाचा म्हणजे मामांच्या व्यवहारातले जुने गृहस्थ. हरिपूरला त्यांची दोन पेवं होती. खेड्यापाड्यातून हळद घ्यायची, पेवात भरायची आणि भाव आला की मामांसारख्या व्यापाऱ्याला विकायची, हा त्यांचा धंदा. मला खांद्यावर बसवून ते पेवाच्या तोंडाशी न्यायचे, कंदील माझ्या हातानं सोडायला लावायचे. ईदेला त्यांच्या घरून शिरखुर्मा यायचा, आमच्याकडून दिवाळीला करंज्या जायच्या.

सौद्याची रीत सांगतो. बोली तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातात हात घेत आणि वरून टॉवेल टाकत. टॉवेलाखाली बोटं बोलत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, बोटाचं नुसतं शेवटचं पेर दाबलं की अर्धा. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळे. सौदा पटला की सगळे पेवाकडे जात, तोंडावरची माती ओली करत आणि घेणारा त्या मातीत आपला पंजा उठवत असे. पंजा उठला की पेव त्याचं. उघडायला तो दोन दिवसांनी येवो की चार महिन्यांनी. आतल्या मालाचं त्यापुढचं बरं-वाईट त्याच्या नशिबी. कागद नाही, सही नाही. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नव्हतं. पण त्या पंजावरून भांडण झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी पुण्याला कॉमर्स शिकत होतो. मिरजेहून गाडीत बसताना मामांनी पुस्तकांसाठी पैसे हातात ठेवले आणि म्हणाले, "जाडजूड असंल ते घे. बारक्या पुस्तकातली अक्कल बारकीच असती." म्हणून मी मालविक्रीच्या कायद्यावरचं एक भलं थोरलं इंग्रजी पुस्तक घेतलं. त्या काळी अशा काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत पुढं जायचं. पहिल्या सत्रात आमच्या सरांनी निम्मा कायदा शिकवला, तेवढी पानं मी कापली. उरलेला दिवाळीनंतर शिकवायचा होता. मला हा विषय आवडायचा, हे कबूल करायला हरकत नाही. गहू असो, घोडा असो, कुणी कुणाला काय विकलं आणि मधेच ते नष्ट झालं तर नुकसान कुणाचं, याचं उत्तर अगदी गणितासारखं निघायचं. पुस्तकातली माणसं अ आणि ब अशा नावांची होती. त्यांना घरदार नव्हतं.

त्या वर्षी आषाढात मामांनी इमामचाचांचं एक अख्खं पेव घेतलं. भाव मणावर ठरला होता, वजन पेव उघडल्यावर व्हायचं होतं. टॉवेलाखाली बोटं झाली, मातीत मामांचा पंजा उठला. दसऱ्याच्या सुमारास भाव चढेल म्हणून मामांनी पेव तसंच ठेवलं. श्रावणात कृष्णेला पाणी चढलं. पेवांच्या तोंडापर्यंत ते आलं नाही, पण खालून कुठून तरी या एका पेवाला पाझर लागला. पाणी उतरल्यावर वास यायला लागला तेव्हा पेव उघडलं. आतली हळद काळी पडून तिचा चिखल झाला होता.

मी गणपतीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मामा ओसरीवर बसून होते, दाढी वाढलेली. त्यांचं होतं नव्हतं ते या पेवात गुंतलं होतं. नुकसान अंगावर आलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं, आणि माझं पुण्याचं शिक्षणही. मी ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "वसू, तुझ्या त्या बुकात अशा पेवाचं काई हाय का रं?"

होतं. मला दुपारभरात सापडलं. कायद्याचं बाविसावं कलम सांगतं की किंमत ठरवण्यासाठी विकणाऱ्यानं माल मोजून द्यायचा राहिला असेल, तर मोजणी होईपर्यंत त्या मालाची मालकी विकणाऱ्याकडेच राहते. आणि सव्विसावं सांगतं, ज्याची मालकी त्याचं नुकसान. आमच्या पेवाचं वजन झालंच नव्हतं. म्हणजे हळद इमामचाचांची, आणि चिखलही त्यांचाच. मी कागदावर अ आणि ब लिहिले, बाण काढले, उत्तर मांडलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दोन महिन्यांत शिकलेली विद्या इतकी चपखल लागू पडावी याचा आनंद. त्यात ब कोण आहे याचा विचार मी फारसा केला नाही. अजिबातच केला नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नव्हे. केला आणि बाजूला ठेवला.

पेठेत असा तंटा कोर्टात जात नसे, पंचांपुढं जाई. तीन पंच, त्यातले थोरले मल्लाप्पाण्णा. सांगली तेव्हा संस्थान होतं, पण इंग्रजी मुलखातलेच कायदे थोड्याफार फरकानं इथं चालत, आणि मल्लाप्पाण्णांना कायद्याच्या पुस्तकाचा फार दरारा. मामांनी आधीच साऱ्या पेठेत सांगून ठेवलं होतं की आमचा वसू पुण्याहून आलाय, तो वाचून दाखवेल. एका आडत दुकानाच्या गादीवर सगळे जमले. इमामचाचा भिंतीला टेकून बसले होते. मला बघून नेहमीसारखे हसले आणि कधी आलास म्हणून विचारलं.

मी उभा राहून इंग्रजीत कलम वाचलं, मग मराठीत अर्थ सांगितला. मल्लाप्पाण्णांनी दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या एका पंचानं पंजाची आठवण काढली. बापजाद्यांपासून पंजा उठला की माल घेणाऱ्याचा, असं तो म्हणाला. त्याला मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, रीत ही रीत असते आणि कायदा हा कायदा असतो. एकोणीस वर्षांचा होतो मी.

मल्लाप्पाण्णांनी पुस्तक हातात घेऊन कपाळाला लावल्यासारखं केलं आणि पुढं दिलं. ते फिरत फिरत इमामचाचांकडे गेलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं, उलटून मागची बाजू पाहिली, पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सगळं वाचलंस न्हवं, वसू? शेवटापातूर हेच लिवलंय?"

मी होय म्हणालो.

माझं वाचन पुस्तकाच्या निम्म्यावर थांबलं होतं. पण मला वाटलं, जे कलम पाहिजे होतं ते वाचलंय, पुढं वेगळं काय असणार? आणि चारचौघांत, मामा बघत असताना, निम्मंच वाचलंय असं सांगायची माझी छाती झाली नाही. चाचा पंचांना म्हणाले, "पोरगं सांगतंय तर तसंच असंल. माझं काई म्हननं न्हाई." पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी मला परत दिलं. निकाल मामांच्या बाजूनं झाला, सगळं नुकसान चाचांच्या अंगावर गेलं. घरी मामीनं माझी दृष्ट काढली.

दिवाळीची सुट्टी संपवून मी पुन्हा पुण्याला गेलो. सरांनी उरलेला कायदा शिकवायला घेतला, मी पानं कापत गेलो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सर बासष्टाव्या कलमावर आले. ते छोटं आहे. त्याचा सरळ अर्थ असा, की या कायद्यानं विक्रीच्या करारात जे काही हक्क आणि जबाबदाऱ्या सांगितल्यात, त्या दोन्ही बाजूंना बांधणारी रूढी असेल तर त्या रूढीनं बदलू शकतात. सर म्हणाले, हे साधं कलम आहे, परीक्षेला येत नाही, आणि पुढच्या कलमाकडे गेले. मी तिथंच राहिलो. कायद्यानंच पंजा मानला होता. पंजा उठल्यावर माल मामांचा होता, पुस्तकाप्रमाणेसुद्धा. मी नुसती पेठेची रीत मोडली असती तरी तो मोठा दोष झाला असता, पण मी कायदाही चुकीचाच सांगितला होता.

प्रत्येक कलम वाचून झालं की त्याच्याशी पेन्सिलीनं तारीख घालायची मला सवय होती. तशी या कलमाशीही घातली. हात आपोआप गेला.

दोन दिवसांनी मामांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते असं, की पंचांनी दिलं, इमामनं मानलं, आता मिटलेली गोष्ट उकरू नकोस, तू परीक्षेचं बघ. मामा वाईट माणूस नव्हते. त्यांनाही रात्री झोप येत नसे, हे मामीनं पुढं सांगितलं. पण गोष्ट उलटली असती तर तेच बुडाले असते. मी पत्राची घडी केली आणि परीक्षेचं बघितलं. चाचांना पत्र लिहावं, एक दिवस गाडीत बसून हरिपूरला जावं, असं कितीदा मनात आलं. गेलो नाही. मामांच्या पैशांवर शिकत होतो, हे एक कारण. दुसरं खरं कारण, भर गादीवर म्हटलेलं "होय" मला मागं घ्यायचं नव्हतं. व्यापारी कायद्याच्या त्या वर्षीच्या पेपरात मला पहिला वर्ग मिळाला.

मे महिन्यात घरी आलो तेव्हा इमामचाचा हरिपूर सोडून गेले होते. दोन्ही पेवं विकून त्यांनी ज्यांचं द्यायचं त्यांचं दिलं आणि साताऱ्याकडे कुणा नातेवाइकाकडे गेले, एवढंच कळलं. मामांचं दुकान राहिलं, पण पेठेत एक झालं. त्यांच्याशी टॉवेलाखाली सौदा करायला माणसं बिचकू लागली. कागद करा म्हणू लागली. मग एकमेकांकडेही मागू लागली. आमच्या सरांनी याला व्यापाराची प्रगती म्हटलं असतं.

पुढं संस्थान विलीन झालं, माझं शिक्षण संपलं आणि साताऱ्याला एका नव्या कॉलेजात मला नोकरी लागली. एकोणीसशे चाळीसचं दशक सरत आलं होतं. पहिला तास घ्यायच्या आदल्या दिवशी मी बाजारात चाचांना शोधायला गेलो. फार शोधावं लागलं नाही. गुळाच्या अड्ड्यावर ते मापाडी होते, म्हणजे दुसऱ्यांचा माल तोलून देणारे. दाढी पांढरी झाली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं, पोत्यावर बसवलं, चहा मागवला. मामांची, मामीची, नाव घेऊन एकेकाची चौकशी केली. मग मी पिशवीतून ते पुस्तक काढलं.

मी त्यांना बासष्टावं कलम वाचून दाखवलं. मराठीत अर्थ सांगितला. दोनदा सांगितला, त्यांनी न विचारता. चाचांनी पुस्तक घेतलं, तसंच उलटलं, कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कापलीस व्हय पानं?"

मला आधी समजलं नाही.

"तवा मागली सारी पानं चिकटल्यालीच हुती," ते म्हणाले. "मला वाचाय न्हाई येत, पर न उघडल्यालं पान कळतंय की. कंदील सोडल्याबिगर पेवात उतरलास, पोरा."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत. त्यांनी चहाची कपबशी बाजूला ठेवली. "तुझ्या मामानं साऱ्या पेठंत तुझं नाव केलं हुतं. मी म्हनलो असतो, त्येवढी पानं फोडून दाव, तर चार मान्सांत तुझी काय गत झाली असती? खांद्यावर खेळीवल्यालं पोर तू. म्हनलं, आज न्हाई उद्या वाचंलच. वाचलं की यील. आदी वाटलं, सांजच्याला येशील. मग म्हनलं, दिवाळीला यील. गुढीपाडव्यापातूर वाट बघितली. पाडव्याला पेवं इकली."

बाजारात गडबड चालली होती. हमाल ये-जा करत होते, कुणी तरी चाचांना वजनासाठी हाका मारत होतं. त्यांनी पुस्तक मिटलं नव्हतं. कलमाच्या कडेला बोट ठेवून विचारलं, "ह्ये पेन्सिलीनं काय लिवलंय?"

खोटं सांगता आलं असतं. त्यांना इंग्रजी आकडा वाचता येत नव्हता. पण एक खोटं पुष्कळ झालं होतं. मी सांगितलं, हे कलम पहिल्यांदा वाचलं त्या दिवसाची तारीख आहे, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची.

चाचांनी माझा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यावर टाकला. आसपासच्या चार-सहा माणसांना वाटलं असेल, म्हातारा काही सौदा करतोय. टॉवेलाखाली त्यांनी माझं एक बोट धरलं. मग दुसरं. मग तिसऱ्याचं नुसतं पेर दाबलं.

संक्रांत ते पाडवा, अडीच महिने. त्यांनी ते मला मोठ्यानं ऐकवलं नाही.

मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि पोतं तोलायला उठून गेले.